आमची कुसुम निळकड्याला दिलेली

आधीच सांगून ठेवते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर अजूनही नाही. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवलं. ग्रहणात पोटभर जेवते. मांजर आडवं गेलं तर ते त्याच्या कामाला चाललंय असं समजते. या ग्रुपवरचे तुमचे अनुभव मी नेमानं वाचते, पण ते शुद्धलेखनाच्या चुका बघायला. घाटातली ती पांढऱ्या साडीतली बाई तुम्हा सगळ्यांनाच कशी भेटते कोण जाणे... आम्ही इतक्यांदा घाटातून गेलो, मला तिथे ट्रॅफिकशिवाय काही दिसलेलं नाही.

माझ्या अनुभवात घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि ती ज्या कारणानं आली ते कारण जगात अस्तित्वात नाही. एवढंच आहे. वाचा आणि काय ते सांगा.

आम्ही नारायण पेठेत राहतो. इमारत नवीन आहे, तिसरा मजला, लिफ्ट मनात असेल तेव्हा चालते. घरात मी, आमचे हे आणि मुलगा अद्वैत. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, आणि बोलण्यातूनही जवळजवळ झालेच. दिवसातून दोन वाक्यं बोलतात, त्यातलं एक टोमणा असतं. अद्वैत हिंजवडीला आयटीत आहे. वय पस्तिशीला टेकलेलं, स्वभावानं सोनं, दिसायला चारचौघांसारखा. स्थळं यायची, बोलणं पुढे जायचं आणि एकाच ठिकाणी येऊन अडायचं. निळकड्यापाशी.

निळकडा ही अद्वैतच्या राज्याची राजधानी. हो, राज्यच. कॉलेजात असताना वर्गात कंटाळा आला म्हणून त्यानं ते मनानं रचलं आणि अजून सोडलेलं नाही. दर रविवारी दुपारी त्याचे मित्र आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमतात. अद्वैत गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात — कोणी व्यापारी, कोणी चोर, कोणी राणीचा हेर — आणि फासा टाकून ठरवतात की एखादी गोष्ट जमली की फसली. टेबलावर खुद्द निळकडा उभा असतो. गणपतीच्या सजावटीतून उरलेल्या पुठ्ठ्याचा उंच कडा, त्याच्या पायाशी बंदर, गोदी, होड्या. वर माथ्यावर शहर — पेठा, राजवाडा, दीपमाळ. दीपमाळेत बुधवार पेठेतून आणलेले बारके दिवे, ते लागतातसुद्धा. कडा सरळसोट, रस्ता नाही. म्हणून गोदीतून वर जायला दोरखंडाला बांधलेले मोठाले लाकडी पाळणे. माणसं, माल, शेळ्या, सगळं पाळण्यातून वर जातं. हे सगळं मला पाठ आहे, कारण रविवारी आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो.

आता तुम्हीच सांगा, मुलीकडच्यांना हे कसं सांगायचं? एका मुलीनं कॅफेत विचारलं, “स्वतःचं घर आहे का?” हा हसून म्हणाला, “राजवाडा आहे, पण तिथे राणीचं चालतं.” विनोद केला बिचाऱ्यानं. ती कॉफी अर्धी टाकून गेली.

मग मृण्मयी आली. फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला राहते. दोघं बाहेर दोन-तीनदा भेटले, आणि एके दिवशी अद्वैत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “आई, तिच्याशी बोलताना मला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही.” मी कणीक मळत होते. मळायची थांबले. इतक्या वर्षांत या मुलाच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलं नव्हतं. देव मानत नसूनही त्या दिवशी मी मनातल्या मनात कुणाला तरी म्हटलं, हे एवढं होऊ दे.

पुढचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम नुसता रीतीपुरता होता. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. राहता राहिल्या इंदूआजी. या मृण्मयीच्या वडिलांच्या आत्या. त्यांनीच मृण्मयीला वाढवलं, आणि त्या घरात त्यांच्या ‘हो’शिवाय भाजीही चिरली जात नाही. कोथरूडला निघताना गाडीत मी अद्वैतला बजावलं, “आज राज्य घरी ठेवायचं.” त्यानं मान डोलावली. ह्यांना काही बजावलं नाही. तीच चूक झाली.

तळमजल्यावरचा फ्लॅट, खिडकीत जास्वंद, पोहे मऊ आणि वर ओलं खोबरं. सगळं छान चाललं होतं. मृण्मयीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, “आपण मूळचे कुठले?”

“आम्ही वाईकडचे,” हे म्हणाले. मग आपल्या मुलाकडे बघत दिवसाचा टोमणा तिथे खर्च केला. “चिरंजीव मात्र निळकड्याचे.”

मी डोळे मोठे केले. अद्वैत पोह्यांच्या बशीत बघायला लागला. कोपऱ्यातल्या खुर्चीत इंदूआजींनी कानातलं यंत्र नीट बसवलं.

“कुठले म्हणालात?”

“निळकड्याचे,” हे पुन्हा म्हणाले. एकदा टोमणा मारला की माघार घ्यायची नाही, असा ह्यांचा बाणा आहे.

“अगंबाई!” आजी खुर्चीत पुढे सरकल्या. “निळकड्याचे का तुम्ही? आमची कुसुम निळकड्याला दिलेली!”

आपल्याकडे ओळख निघाली की निम्मं लग्न जमलं असं धरतात. मृण्मयीच्या आईचा चेहरा एकदम खुलला. “हो का? म्हणजे जुनं नातंच निघालं की!” आजींना नेरळ किंवा नीरा ऐकू आलं असणार, हे मला कळत होतं. पण त्या घरात इतका आनंद पसरला होता की तो मोडायला माझी जीभ उचलेना. मीही म्हटलं, “हो का? वा वा!”

“कोण, वरच्या पेठेतले की गोदीतले?” आजींनी अद्वैतला विचारलं.

अद्वैतचा चमचा हवेत थांबला.

“आमची कुसुम वरच्या पेठेत. दीपमाळेच्या मागे, तिसरं घर. पाळण्यातून उतरलं की डावीकडे. उजवीकडे गेलं तर राजवाडा लागतो, तिकडे कोणी हुंगत नाही.” आजी सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “पोहे घ्या अजून. मुलगा चांगला आहे तुमचा, दिसतंय मला. पण निळकड्याला आम्ही पुन्हा मुलगी देणार नाही.”

आणि त्या उठून आत गेल्या.

घरी येताना गाडीत अद्वैत पार नदी ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “दीपमाळेच्या मागे तीनच घरं आहेत, आई. मी तीनच केलीयत.”

विज्ञानाची शिक्षिका असल्यामुळे मी पहिल्यांदा सरळ कारणं शोधली. त्यानं मृण्मयीला निळकड्याबद्दल सांगितलं होतं का? नाही, माझ्या धाकानं नव्हतं सांगितलं. फोटो इंटरनेटवर टाकले होते का? तेही नाही, आणि आजींकडे बटणांचा फोन आहे, त्यावर फोटो दिसतच नाहीत. मित्रांपैकी कोणी त्या घरी गेलं होतं? कोणी नाही. निळकडा नावाचं खरोखरचं गाव असेल म्हणून नकाशे धुंडाळले. कोकण पालथं घातलं, अगदी गुजरातपर्यंत वर गेले. हे स्वतःहून उठून पोस्टात चौकशीला गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, “असं गाव नाही. असतं तर सांगितलं नसतं का?” ह्यांना त्याचं उत्तर फार आवडलं, दोन दिवस सांगत होते.

मृण्मयीच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, कुसुम म्हणून आजींची चुलत बहीण होती खरी, लांब समुद्राकडे कुठेतरी दिली होती, नंतर येणंजाणं राहिलं नाही. घरात कोणी तिला बघितलेलं नाही.

इकडे अद्वैतनं जेवण टाकलं. मृण्मयीनं त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “आजीला दुखवून मी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशी तर करणारच नाही, हे तिलाही सांगितलंय.” म्हणजे दोघंही आयुष्यभर बसून राहणार, आणि कारण काय, तर पुठ्ठ्याचं गाव! मला रडूही येत होतं आणि रागही. शेवटी मी पदर खोचला आणि एकटीच कोथरूडला गेले.

गेल्या गेल्या मी मूर्खासारखं बोलले. म्हटलं, “आजी, असं गाव नाहीच आहे हो. अद्वैतनं ते मनानं रचलंय.”

“मग आमची कुसुम काय आम्ही मनानं रचली?” आजी ताडकन म्हणाल्या. “तिचा संसार खोटा? तिची पोरं खोटी?”

तीन दशकं वर्गावर काढलेली बाई मी, मुकाट्यानं प्रश्न बदलला. “तसं नाही... मग तिथे झालं काय, ते तरी सांगा,” एवढंच म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. कुसुमच्या लग्नाला वऱ्हाड बोटीनं निळकड्याला गेलं होतं. इंदू तेव्हा परकरातली पोर. मुहूर्त दुपारचा. सगळं वऱ्हाड पाळण्यांतून वर गेलं, शेवटच्या पाळण्यात कुसुमची आई आणि तिच्या मांडीवर इंदू. अर्ध्या कड्यापर्यंत पाळणा चढला आणि थांबला. खाली समुद्र, वर ऊन. काकूनं हाका मारल्या तेव्हा वरून एका माणसानं डोकं बाहेर काढलं.

“काय म्हणाला असेल?” आजींनी मला विचारलं. “म्हणाला, ‘एक वाजला. पाटी वाचली नाही का?’ आणि डोकं आत. चार वाजता पाळणा वर चढला! मंगलाष्टकं आम्हाला वरून ऐकू आली. सावधान, सावधान... आणि मुलीची आई मधोमध लोंबकळतेय! काकूनं तिथल्या तिथे अक्षता टाकल्या हो. वरती टाकल्या, त्या वाऱ्यानं समुद्रात गेल्या. वर पोचलो तर कोणी साधं ‘चुकलं’ म्हणालं नाही. उलट, वेळेत यायचं होतं म्हणाले. काकू मरेपर्यंत पुन्हा लेकीच्या घरी गेली नाही. मीसुद्धा तेव्हापासून तळमजला सोडून कुठे राहिले नाही.” त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही भरले, काय करणार? मुलीच्या लग्नात मुलीची आई...

घरी आले आणि अद्वैतला सगळं सांगितलं. तो टेबलापाशी गेला, दिवा लावला आणि पाळण्याच्या चाकाजवळ बोट ठेवलं. तिथे नखाएवढी पाटी होती. मी चष्मा लावला.

‘पाळणे दुपारी १ ते ४ बंद राहतील. विनंति करू नये.’

“हे मी केलंय, आई,” तो म्हणाला. “गंमत म्हणून. थर्ड इयरला असताना.”

“तिचं लग्न तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं!”

“माहितीये. पण नियम माझाच आहे ना.”

त्या पोराचा चेहरा मला बघवेना. कधी न केलेल्या अपराधाखाली तो खरोखर दबला होता. तेवढ्यात आतून ह्यांचा आवाज आला. “मानपान राहिलाय. करून टाका.”

म्हटलं तर साधी गोष्ट. आपल्या लग्नांत विहीण रुसते, कोणाचा मान राहतो, मग वडीलधारे मध्ये पडतात, साडी-नारळ देऊन समजूत काढतात आणि प्रकरण मिटतं. इथेही तेच करायचं होतं. फक्त ज्यांनी करायचं ते पुठ्ठ्यावर राहत होते.

रविवारी मित्र जमले. त्यात सौरभ म्हणून एक आहे, यवतमाळकडचा, अद्वैतच्याच ऑफिसात. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, “मग काय झालं? अद्वैत, तू सूत्रधार होय ना? सांग ना, मागितली माफी त्यांनी. खतम!”

“असं होत नाही,” अद्वैत म्हणाला. “पाळणेकरी असे कुणाचं ऐकणारे नाहीत. कुणीतरी जाऊन त्यांना पटवायला पाहिजे. नियम म्हणजे नियम.”

“काय करून राहिला बे तू? सोताच्या लग्नात सोताच खोडा घालून राहिला!”

पण अद्वैत हटेना. हा गुण कुणाकडून आला ते मला माहीत आहे, ते गृहस्थ आत पेपर वाचत होते. शेवटी मी खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसले. “मी जाते,” म्हटलं, “मुलीकडच्यांच्या वतीनं.”

अद्वैतनं घसा खाकरला. आणि माझा मुलगा, ज्याला मी घास भरवले, माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्याच्या दाराशी उदबत्त्या विकायला आले आहे.

“काय आहे?”

“नमस्कार. थोडं काम होतं.”

“बंद आहे.”

“आत चार माणसं बसलेली दिसतायत मला.”

“बसलीच आहेत. काम करत नाहीयेत.”

“अहो, तुमच्यामुळे एका आईला मुलीचं लग्न बघता आलं नाही.”

“पाटी लावलेली आहे.”

मी पाटीकडे पाहिलं आणि तिथे माझ्यातली शिक्षिका जागी झाली. “पाटीवर शुद्धलेखनाची चूक आहे,” मी म्हटलं.

अद्वैत क्षणभर पाळणेकरी राहिला नाही. “कुठे?”

“‘विनंती’तला शेवटचा ‘ती’ दीर्घ हवा. तुमचा ऱ्हस्व आहे.”

“जुनी पाटी आहे,” तो सावरून म्हणाला. “तेव्हा ऱ्हस्वच लिहायचे.”

“मान्य. मग पुढे काय झालं?”

“...नियम बदलला.”

“बदलला ना? म्हणजे नियम बदलतात. वेलांटीचा बदलतो तर दुपारचाही बदलतो.” मला आता थांबवत नव्हतं. “आणि बदलला नाही तरी चुकलं म्हणायला कुठल्या पाटीनं मनाई केलीय? एक बाई लहान पोरीला घेऊन उन्हात लोंबकळत राहिली, आणि तुम्ही आत पडून होता. लाज वाटली नाही?”

सौरभ टाळ्या वाजवायला लागला. अद्वैत खाली मान घालून बसला होता. मग त्यानं वीस पैलूंचा फासा माझ्यापुढे सरकवला. “टाक. मोठा पडला तर ऐकतील.”

हसू नका, पण त्या क्षणी ती पाळण्यातली बाई मला अगदी दिसत होती. मी टाकला तो इतक्या जोरात की फासा टेबलावरून उडून फ्रिजखाली गेला. सगळे जमिनीवर आडवे झाले. हे पेपर टाकून बॅटरी घेऊन आले, गुडघ्यांवर बसले, वाकून पाहिलं.

“वीस.”

“खाली पडलेला धरत नाहीत,” अद्वैत अगदी बारीक आवाजात म्हणाला. “नियम आहे.”

“धरतो,” हे म्हणाले. आणि ह्यांनी धरला म्हटल्यावर विषय संपला.

मग त्या दुपारी निळकड्यात पहिल्यांदाच भर दोन वाजता पाळणा सुटला. काकू तर राहिल्या नव्हत्या, म्हणून मान त्यांच्या लेकीला द्यायचा ठरलं. झेंडूच्या माळा लावलेल्या पाळण्यात कुसुमला बसवलं, सनई लावली, पाळणेकऱ्यांच्या म्होरक्यानं पागोटं काढून “चुकलं आमचं” म्हटलं, साडी आणि नारळ दिला. हे सगळं अद्वैत सांगत होता. त्यानं नुसतं ‘साडी’ म्हटलं. मी मनातल्या मनात कपाटातली एक कोरी कॉटनची साडी धरली, कारण म्हाताऱ्या माणसाला नेसायला सोपी. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मृण्मयीच्या आईचा फोन. “आजींना बोलायचंय.”

“अहो,” आजींचा आवाज एकदम मोकळा होता, “भर दुपारी पाळणा सोडला म्हणे त्यांनी! सनई लावून!”

“तुम्हाला... कोणी सांगितलं?”

“सांगायला कोण कशाला हवं? नात्यात गोष्टी पोचतात.” मग म्हणाल्या, “कुसुमचं मन निवलं. आमची हरकत नाही आता, मुहूर्त काढा. फक्त एक बोलते, राग मानू नका. एवढ्या वर्षांनी मान केलात, मग साडी कॉटनची का हो दिलीत?”

अद्वैतनं मृण्मयीला सांगितलं असेल, तिनं आजीला सांगितलं असेल, सनईचं कोडं असं सुटतं. पण कॉटनचं सुटत नाही. शेवटी मी म्हटलं, “चुकलं आमचं.” दुसरं काय म्हणणार?

लग्न छान झालं. खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती.

जेवणाच्या वेळी मी आग्रह करत फिरत होते. शेवटच्या टेबलाशी इंदूआजींच्या शेजारी एक म्हातारी बाई बसल्या होत्या. अबोली रंगाचं लुगडं, नाकात चमकी, उन्हानं रापलेला चेहरा. दोघी एकमेकींचा हात धरून जेवत होत्या, म्हणजे एकेका हातानं. मुलीकडच्या असणार म्हणून मी जिलबी वाढायला वाकले. त्यांनी जिलबीला नको म्हटलं, मठ्ठा मात्र मागून घेतला, आणि माझं मनगट धरलं.

“विहीणबाई, मुलानं गाव चांगलं बांधलंय हो तुमच्या.”

मला वाटलं, आजींनी काहीतरी सांगितलेलं दिसतंय, त्यावरून चेष्टा चाललीय. मी हसले.

“खरंच सांगते. वारा छान येतो. संध्याकाळी दिवे लागले की जीव रमतो. आमचं आयुष्य सुखात गेलं तिथे.” त्यांनी माझ्या हातावर हलकेच थापटलं. “तेवढं पाण्याचं बघायला सांगा त्याला. वर पाणीच नाही. खालून घागरी आणाव्या लागतात, आणि आता गुडघे चालत नाहीत.”

तेवढ्यात मला स्टेजवरून हाक आली. पाच-दहा मिनिटांनी परत आले तर त्यांची खुर्ची रिकामी होती.

लग्नाच्या फोटोंत त्या आहेत. स्पष्ट आहेत, तोंडात घास. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून विचारलं, या कोण? सगळे म्हणाले, मुलीकडच्या ना? मुलीकडचे म्हणाले, आम्हाला वाटलं तुमच्याकडच्या. इंदूआजींना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडे पाहायची. “कुसुम की! भेटलात ना तुम्ही?”

“पण आल्या कशा?”

“रिक्षानं. पहिले दोघं नाही म्हणाले म्हणे.”

तर असं आहे. कानातलं यंत्र, योगायोग, म्हातारपणातले भास, कोणीतरी केलेली थट्टा... सगळं लावून पाहिलं. एक लावलं की दुसरं उघडं पडतं. कोणाला याचं उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा, फक्त आत्मे-बित्मे लिहू नका, मला पटणार नाही.

इतकी वर्षं मी त्या टेबलावरच्या पसाऱ्याला नावं ठेवली. पोरगं आयुष्य वाया घालवतंय म्हणून किती रविवार जीव जाळला. आणि एक परकी बाई माझं मनगट धरून सांगून गेली की आमचं आयुष्य सुखात गेलं तिथे. कुठल्या आईला असं ऐकायला मिळतं?

दोघं फिरून परत आल्यावर मी अद्वैतला पाण्याचं सांगितलं. त्यानं दिवा लावून कडा वरपासून खालपर्यंत तपासला.

“पाण्याचं मी काही ठरवलंच नव्हतं, आई. कधी लक्षातच आलं नाही.”

“मग आता ठरव,” मी म्हटलं. “माणसं राहतात तिथे.”